सावरीचा कापूस आणि एव्हरेस्टचे बूट

एप्रिल-मे महिन्यांत सावरीची बोंडे उकलतात आणि पांढऱ्या म्हाताऱ्या वाऱ्यावर तरंगू लागतात. मुले त्यांच्यामागे धावतात, आजी मात्र तोच कापूस गोळा करून उशीत भरते. या सावरीची एक बहीण आहे, पांढरी सावर. तिच्या कापसाला जगाच्या बाजारात 'कपोक' म्हणतात. १९५३ साली एव्हरेस्टचे शिखर पहिल्यांदा सर झाले तेव्हा एडमंड हिलरी यांच्या बुटांत हाच कपोक भरलेला होता.

आठ हजार मीटर उंचीवर, शून्याखाली २५-३० अंश तापमानात माणसाच्या पायांना वाचवायला उशीतला कापूस का लागला? त्याआधी गिर्यारोहक काय घालत होते? आणि एवढे करूनही आज गिर्यारोहक आतला बूट वेगळा व बाहेरचा वेगळा असे दुहेरी बूट का निवडतात? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता उष्णतावहनाचा धडा चांगलाच पक्का होतो. हा धडा माणसाला स्वस्तात मिळालेला नाही. त्याच्या प्रत्येक ओळीसाठी कोणाच्या तरी पायाची बोटे गेली आहेत.

पायच आधी का गारठतात?

बूट उष्णता निर्माण करत नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात घेऊ. उष्णता तयार होते शरीरात, आणि ती पायापर्यंत पोचवते रक्त. बुटाचे काम एवढेच, की आलेली उष्णता लवकर बाहेर जाऊ द्यायची नाही.

थंडी वाढली की शरीर हृदय, मेंदू, यकृत अशा महत्त्वाच्या अवयवांना आधी सांभाळते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तिकडे जाणारे रक्त कमी होते. पायाच्या बोटांत स्नायू थोडेच, त्यामुळे तिथली स्वतःची उष्णताही थोडीच. उलट त्यांच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणजे उष्णता निसटायला वाव जास्त. त्यात भर उंचीची. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. ऑक्सिजन कमी, धापा टाकल्यामुळे शरीरातले पाणी कमी आणि रक्त दाट. अशा वेळी बोटांतील पेशी गोठू लागतात. यालाच हिमदंश म्हणतात. तो फार झाला तर बोटे काळी पडतात आणि शेवटी कापावी लागतात.

खिळ्यांचे बूट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समध्ये चढणारे लोक जाड चामड्याचे बूट वापरत. बर्फावर आणि ओल्या खडकावर पाय घसरू नये म्हणून तळव्याला लोखंडी खिळे ठोकलेले असत. पकड उत्तम मिळे. पण लोखंड हे स्थिर हवेपेक्षा हजारो पटींनी उष्णतावाहक. बाहेरच्या टोकाला बर्फ आणि आतल्या टोकाला पाय, अशी ही छोट्या छोट्या खिळ्यांची वाटच उष्णतेला मोकळी करून दिलेली होती.

१९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. पिसे भरलेला, फुग्याच्या कापडाचा गुबगुबीत कोट त्यांनी स्वतः बनवून घेतला होता. सोबती आधी हसले, नंतर त्यांना त्या कोटाचा हेवा वाटू लागला. पिसांच्या मधे अडकलेली हवाच ऊब राखते, हे फिंच यांना नेमके कळले होते. २७ मे १९२२ रोजी ते आणि जेफ्री ब्रूस सुमारे ८३०० मीटर उंचीपर्यंत गेले. परत आले तेव्हा ब्रूस यांच्या पायांना हिमदंश झालेला होता. अंगाचा प्रश्न सुटत आला होता, पायांचा मात्र तसाच होता. हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. म्हणजे एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आली तेव्हा या शिखराशी तीस वर्षांपूर्वी झुंजलेला माणूस पुण्यात संचालकपदी होता.

१९२४ च्या मोहिमेत एडवर्ड नॉर्टन यांनी नमद्याचे म्हणजे दाबलेल्या लोकरीचे बूट घातले. त्यांना चामड्याचा तळ आणि चामड्याच्या पट्ट्या होत्या, आणि खिळे मोजकेच होते. दिशा बरोबर होती. ४ जून रोजी नॉर्टन कृत्रिम प्राणवायूशिवाय सुमारे ८५७० मीटरपर्यंत पोचले. त्यानंतर चारच दिवसांनी मॅलरी आणि आयर्विन शिखराकडे गेले आणि परतले नाहीत. १९९९ मध्ये मॅलरी यांचा देह सापडला, तेव्हा खिळ्यांचा चामडी बूट पायात होता. २०२४ मध्ये आयर्विन यांचा मानला जाणारा पाय सापडला, तोही मोजा आणि बुटासकट.

याच मोहिमेतला आणखी एक माणूस आपण विसरतो. त्याचे नाव मानबहादूर. मोहिमेतल्या लोकांचे बूट दुरुस्त करणारा हा चर्मकार. त्याचेच दोन्ही पाय गोठले आणि त्यातच तो मे महिन्यात मरण पावला. मोहिमेने तळछावणीजवळ उभारलेल्या दगडी स्मारकावर त्याचेही नाव कोरले होते. दुसऱ्यांच्या पायांची काळजी वाहणाऱ्याचेच पाय वाचू शकले नाहीत.

रबर आले

१९३५ साली इटलीत पुंता रासिका या शिखरावर एका तुकडीतले सहा जण वादळात सापडून मेले. त्या काळी खडक चढताना जड बूट खाली ठेवून पातळ तळव्याचे हलके जोडे घालायची पद्धत होती. वादळ आले तेव्हा पायांत बर्फात टिकेल असे काही नव्हते. तुकडीचे प्रमुख व्हिताले ब्रामानी वाचले, पण तो प्रसंग त्यांच्या मनातून गेला नाही. खडक आणि बर्फ दोन्हींवर चालेल असा एकच तळ हवा, या विचाराने त्यांनी पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. आपल्या नावाची आद्याक्षरे जुळवून त्यांनी त्याला 'व्हायब्रम' असे नाव दिले. लोखंडी खिळ्यांच्या जागी रबराच्या उंचवट्यांची नक्षी आली. रबर हे उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे उष्णता निसटण्याची खालची वाट बरीचशी बुजली.

तरी वरचा बूट चामड्याचाच होता. चामडे बर्फाने भिजते, घामाने भिजते आणि मग गोठते. ३ जून १९५० रोजी फ्रान्सचे मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल यांनी अन्नपूर्णा सर केले. आठ हजार मीटरवरचे माणसाने गाठलेले हे पहिले शिखर. वाटेतच लाशनाल यांना पायांची जाणीव जाऊ लागली होती. ते शामोनीचे वाटाडे, पायांवर पोट असलेला माणूस. आपण परत फिरलो तर तू काय करशील, असे त्यांनी हर्झॉग यांना विचारले. मी एकटा जाईन, असे उत्तर आले. मग सोबत्याला एकटे सोडणे लाशनाल यांना पटले नाही. उतरताना सुजलेले पाय त्यांच्या बुटांत जाईनात, तेव्हा लिओनेल तेरे या सोबत्याने आपले मोठे बूट त्यांना दिले. त्या पुढची रात्र चौघांनी हिमभेगेत काढली. पहाटे वरून हिम कोसळले आणि बूट त्याखाली गाडले गेले. ते शोधण्यात मोलाचा वेळ गेला. लाशनाल यांच्या पायांची सगळी बोटे गेली. हर्झॉग यांची हातापायांची बोटे गेली. डॉक्टर उदो यांनी त्यातल्या काही शस्त्रक्रिया परतीच्या प्रवासात, भारतातल्या रेल्वेच्या डब्यात केल्या.

कापूस भरलेला बूट

अन्नपूर्णेचा हा अनुभव ताजा असतानाच १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेची तयारी सुरू झाली. मोहिमेतले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी अन्न, पाणी, प्राणवायू आणि कपडे यांचा आदल्या वर्षी चो ओयूच्या परिसरात शास्त्रीय अभ्यास केला होता. बुटांचे काम ब्रिटनमधल्या पादत्राण उद्योगाच्या संशोधन संस्थेकडे सोपवले गेले.

या संस्थेने बुटाकडे कारागिराच्या सवयीने न पाहता उष्णतेच्या गणिताने पाहिले. जाड चामडे काढून टाकले. बाहेर अगदी पातळ, मऊ चामडे, आत जलरोधक अस्तर, आणि या दोहोंमध्ये जवळजवळ बोटभर जाडीचा कपोकचा थर. कपोकचा तंतू आतून पोकळ असतो, म्हणून त्यात हवा कोंडलेली असते. त्यावर मेणासारखा थर असतो, म्हणून तो सहज भिजत नाही. म्हणूनच पूर्वी बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांतही कपोक भरत. तळासाठी बारीक बारीक हवेचे फुगे असलेले रबर वापरले. तेही हलके आणि मंदवाहक.

आतले जलरोधक अस्तर कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायला हवा. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून बाहेर अस्तर लावले तर समजू शकते. आत कशाला? याचे उत्तर घामात आहे. पाय थंडीतही घामेजतात. घामाची वाफ बाहेर जाताना बुटाच्या थंड थरांपाशी पोचते, तिथे तिचे पाणी होते आणि मग बर्फ. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट आणि बर्फ सुमारे ९० पट उष्णतावाहक आहे. म्हणजे जिथे हवा असायला हवी तिथे पाणी आणि बर्फ बसले की उबेचा थर निकामी झाला. आतले अस्तर ही वाफ कापसापर्यंत पोचूच देत नाही. मोजा ओला होतो, कापूस कोरडा राहतो. अमेरिकी सैन्यानेही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, कोरियातल्या भयंकर हिवाळ्यानंतर, दोन रबरी थरांमध्ये लोकर बंद केलेले बूट याच तत्त्वावर वापरात आणले. त्या बुटाला हवेची एक झडप असते. विमानातून उंच जाताना बाहेरचा दाब कमी होतो आणि बंद थरातली हवा फुगते, म्हणून ती झडप उघडावी लागते. बॉइलच्या नियमाचे यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

२९ मेची सकाळ

एवढा विचार करून बनवलेल्या बुटातही एक उणीव राहिली होती. २८ मे १९५३ च्या रात्री हिलरी आणि तेन्सिंग सुमारे ८५०० मीटरवरच्या तंबूत होते. हिलरी यांचे बूट दिवसभरात ओलसर झाले होते. ते त्यांनी काढून ठेवले. तेन्सिंग बूट घालूनच झोपले. पहाटे तंबूत उणे २७ अंश तापमान होते आणि हिलरी यांचे बूट दगडासारखे कडक झाले होते. जगातल्या सर्वोच्च शिखराकडे निघायच्या दिवशी हिलरी स्टोव्हच्या ज्योतीवर बूट शेकत बसले. चामडे जळल्याचा वास तंबूत पसरला, तेव्हा कुठे पाय आत गेले. साडेसहाच्या सुमाराला दोघे निघाले.

तेन्सिंग यांच्या पायातले बूट होते आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेचे, आणि मोजे पत्नी आंग ल्हामू यांनी विणलेले. रात्री बूट न काढण्याचे शहाणपण त्यांना पंचवीस-तीस पुस्तके वाचून नव्हे, तर अनेक मोहिमांच्या अनुभवातून आलेले होते.

यातून अडचण स्पष्ट होते. बूट काढला तर गोठतो, घालून झोपले तर घाम वाळत नाही आणि रक्ताभिसरणालाही मोकळीक मिळत नाही. मग करायचे काय?

याचे उत्तर उत्तर ध्रुवाजवळचे लोक कितीतरी पिढ्यांपासून जाणत होते. इन्युइट लोकांच्या पादत्राणात बाहेर कातडीचा बूट आणि आत केसाळ कातड्याचा वेगळा मोजा असतो. मुक्कामाला पोचले की आतला भाग काढून दिव्याच्या उबेवर वाळवायचा. उत्तर स्कॅन्डिनेव्हियातले सामी लोक बुटात विशिष्ट गवत भरत आणि ते काढून वाळवत. रोआल्ड आमुंडसेन यांनी १९०३ ते १९०६ या काळात नेत्सिलिक इन्युइटांमध्ये राहून थंडीत जगण्याची विद्या शिकून घेतली. दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमेतही त्यांच्याकडे असे गवत होते. शिवाय त्यांच्या माणसांनी तळावरच्या हिवाळ्यात बूट पुन्हा पुन्हा उसवून मोठे केले, कारण घट्ट बूट म्हणजे थंड पाय हे त्यांना कळले होते.

गिर्यारोहणातला दुहेरी बूट हा त्याच जुन्या विद्येचा नवा अवतार. १९५० आणि १९६० च्या दशकांत चामड्याच्या बाहेरच्या बुटात नमद्याचा किंवा मऊ चामड्याचा सुटा बूट येऊ लागला. संध्याकाळी बाहेरचा बूट काढायचा, आतला झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचे. सकाळी आतला बूट कोरडा आणि ऊबदार. बाहेरचा कडक झाला असला तरी पाय त्याला टेकत नाही.

बधिरपणाचा घोटाळा

बूट चांगला असला की काम संपले असे मात्र नाही. २२ मे १९६३ रोजी एव्हरेस्टवरून उतरताना अमेरिकी मोहिमेतल्या चौघांना सुमारे ८५०० मीटरवर तंबूशिवाय उघड्यावर रात्र काढावी लागली. टॉम हॉर्नबीन यांचे पाय गारठले होते. विली अन्सोल्ड यांनी ते आपल्या पोटाशी धरून ऊब दिली. नंतर हॉर्नबीन यांनी तीच मदत देऊ केली, तेव्हा अन्सोल्ड म्हणाले की आपले पाय ठीक आहेत. त्यांना थंडी जाणवतच नव्हती. हॉर्नबीन यांची बोटे वाचली. अन्सोल्ड यांची नऊ बोटे गेली. त्याच रात्री तिथे असलेले बॅरी बिशप यांनी पायांची सर्व बोटे गमावली.

दुखणारे पाय अजून जिवंत असतात. दुखायचे थांबले की खरी भीती. 'आता गारठा वाटत नाही' हे वाक्य बर्फात ऐकू आले तर बूट काढून पाहायलाच हवे.

प्लास्टिक आणि त्यानंतर

बर्फावर घसरण्याच्या खेळात प्लास्टिकचे बूट १९६० च्या दशकात आले. १९८० च्या दशकात गिर्यारोहकांनी त्यांचा स्वीकार केला. बाहेर प्लास्टिकचे कवच, आत फेसाळ प्लास्टिकचा सुटा बूट. कवच भिजत नाही, गोठत नाही, आणि क्रॅम्पॉन म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी काटे त्यावर घट्ट बसतात.

पण प्लास्टिकही म्हातारे होते. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या लांब रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात. या क्रियेला जलविच्छेदन म्हणतात. वरून नवा दिसणारा, पण पंधरा-वीस वर्षे पडून राहिलेला बूट डोंगरावर अचानक तडकून तुकडे झाल्याचे अनुभव अनेकांना आले आहेत. न वापरता जपून ठेवलेली वस्तू सुरक्षितच असते, हा आपला समज इथे जिवावर बेतू शकतो.

एकविसाव्या शतकात कापड आणि फेसाळ थरांचे हलके बूट आले. आत सुटा बूट, त्यावर कवच आणि या सगळ्यावर गुडघ्याकडे जाणारे, बुटालाच जोडलेले आवरण. वजनाला इतके महत्त्व का? पायावरचे एक किलो वजन वाहून नेण्याचे श्रम पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतके पडतात, असे शरीरशास्त्रज्ञांच्या मापनात दिसून आले आहे. पाय प्रत्येक पावलाला उचलावा आणि पुढे फेकावा लागतो, हे त्याचे कारण.

निवड कशी करावी?

आपल्या सह्याद्रीत दुहेरी बुटांची गरज नाही, उलट ते पाय उकडून काढतील. पण उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत प्रशिक्षणाला जाणारे विद्यार्थी आपल्याकडे असतात. पुढे सहा-सात हजार मीटरच्या शिखरांवर जाणारेही असतात. त्यांच्यासाठी वरच्या इतिहासाचे सार असे सांगता येईल.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जे मोजे वर वापरायचे तेच घालून पाहावेत. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. पायाने भिंतीला हलकी ठोकर मारली तर बोटे पुढे आपटू नयेत, आणि चालताना टाच उचलू नये. बूट गार वाटतो म्हणून त्यात आणखी एक मोजा कोंबणे ही नेहमीची चूक. दाबलेल्या लोकरीत हवा उरत नाही आणि दाबलेल्या पायात रक्त. उंचीवर फेसाळ थर थोडे फुगतात, त्यासाठीही जागा ठेवावी. आतला बूट सहज निघतो का आणि गारठलेल्या बोटांनी नाड्या बांधता येतात का, हे पाहावे. भाड्याने किंवा उसने प्लास्टिकचे बूट घेताना ते किती वर्षांचे आहेत हे विचारावे. आणि मुक्कामावर पोचल्यावर थकवा कितीही असला तरी मोजे बदलावेत व आतला बूट झोपायच्या पिशवीत घ्यावा.

वर्गात करून पाहा

सारख्या आकाराच्या तीन बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. पहिलीला कोरडा लोकरी मोजा घाला. दुसरीला तसाच मोजा ओला करून, पिळून घाला. तिसरीला कोरडा मोजा घालून त्यावर सुतळी घट्ट गुंडाळा. दर पाच मिनिटांनी तापमान मोजा आणि तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. जमल्यास चौथ्या बाटलीला सावरीचा कापूस सैलसर गुंडाळा. नंतर मुलांना विचारा: बाटली आणि पाय यांत महत्त्वाचा फरक कोणता? बाटलीत आतून उष्णता आणून देणारे रक्त नाही. म्हणून घट्ट बांधल्याचे खरे नुकसान बाटलीत अर्धेच दिसते. हे ज्या मुलाच्या लक्षात येईल त्याला प्रयोग समजला असे मानायला हरकत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सावरीची म्हातारी वर्गाच्या खिडकीतून आत आली तर तिला हाकलू नका. हातावर घेऊन मुलांना दाखवा. त्या तंतूंत कोंडलेल्या हवेने एका माणसाला एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत सोबत केली, हे सांगा. आणि मानबहादूरचे नावही सांगा.